थर्टी फर्स्टच्या आधी वही उघडताना: व्यसनमुक्तीच्या पहिल्या वर्षाचे संकल्प

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की नाशिकची थंडी हाडात शिरते आणि कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या हॉटेलांबाहेर थर्टी फर्स्टचे फलक लागतात. व्यसनमुक्ती केंद्रातून नुकतंच घरी आलेल्या माणसाला हा आठवडा फार जड जातो. बाहेर जो तो ‘बसायची’ तयारी करत असतो आणि घरात सगळे याच्या तोंडाकडे बघत असतात. आता नव्या वर्षात काय करणार, सांग.

मला दारू सोडून नऊ वर्षं झाली. त्याआधीचा एक प्रयत्न जेमतेम दोन महिने टिकला होता. तेव्हाच्या डिसेंबरात मी मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर ११ संकल्प लिहिले. मार्चअखेर सगळं कर्ज फेडायचं. १५ किलो वजन उतरवायचं. पहाटे पाचला उठायचं. तंबाखू सोडायची. भावाशी अबोला संपवायचा. जमेल तेवढा ओव्हरटाइम करायचा. घराला रंग द्यायचा. बाकीचे आठवत नाहीत, पण धाटणी तीच होती. २६ जानेवारीच्या आतच मी पुन्हा प्यालो.

नंतर समुपदेशक ताईंनी ते पान वाचलं आणि म्हणाल्या, “यात तुम्हाला स्वतःला हवं असं काय आहे? ही तर फेडायच्या हप्त्यांची यादी आहे.” तेव्हा राग आला होता. आज दारू सोडणाऱ्यांच्या सभेला नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. पहिल्या वर्षी आपल्याला खाली ओढते ती भरपाईची घाई. १२ वर्षं घालवली, ती १२ महिन्यांत परत आणायची असं मनाशी ठरतं. मग तीन आठवड्यांत दम लागतो, आणि दम लागला की काय करायचं हे शरीराला एकच ठाऊक असतं.

म्हणून या वर्षीची वही जरा वेगळी लिहू. त्याआधी एक गोष्ट, कारण ती जिवाची आहे.

अजून पीत असाल तर

‘एक तारखेपासून बंद’ हा संकल्प रोज पिणाऱ्या माणसासाठी धोक्याचा ठरू शकतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारू धरूनच चाललेला असतो. ती एकदम थांबली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. ही अवस्था जीवघेणी असते. घरचे म्हणतात, ‘डोक्यावर परिणाम झाला’, आणि दार लावून घेतात. तसं करू नका, १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या.

दारू थांबवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ते गोळ्या देतात, बी-१ म्हणजे थायमिन देतात, आणि साधारण आठवडाभरात शरीर बऱ्यापैकी स्थिर होतं. झोपेच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर त्याही एका दिवसात बंद करू नयेत, त्यांनीही फिट येऊ शकते. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाता येईल. फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ हा नशामुक्तीचा आणि १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक, दोन्ही मोफत आहेत.

हे झालं असेल किंवा आधीच झालेलं असेल, तर पुढे वाचा.

आधी एक रात्र

वर्षाचे संकल्प लिहायच्या आधी ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी सहापासून रात्री एकपर्यंतचे सात तास कागदावर मांडा. कुठे असणार, कोणासोबत, काय खाणार, परत कसे येणार. ‘बघू ऐनवेळी’ असं ठेवलंत तर ऐनवेळी कोणीतरी मित्र गाडी घेऊन दारात उभा असतो.

पहिल्या वर्षी मी एकच सल्ला देईन: पार्टीला जाऊ नका. पाच मिनिटंही नको, ‘फक्त कोल्ड्रिंक घेतो’ असंही नको. गिरणारेकडच्या फार्महाउसवर गेलात तर रात्री तिथून निघायला स्वतःची गाडी लागते, आणि गाडी असली तरी सगळे अडवतात. त्याऐवजी त्या संध्याकाळी आपल्या गटाची सभा कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला पैसे लागत नाहीत, पूर्ण नाव सांगावं लागत नाही. दारू थांबवायची इच्छा एवढीच अट. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात नुकतीच दारू सोडलेला एक शेअर दलाल आणि अजून दारूत बुडालेला एक सर्जन एकमेकांशी तासन्‌तास बोलत बसले आणि त्यातून हे सगळं सुरू झालं. ३१ तारखेला तुम्हाला दुसरं काही करायचं नाही. ज्याला ही ओढ ठाऊक आहे अशा एका माणसाशी बोलत राहायचं.

सभा नसेल तर घरी पोटभर जेवा. सातलाच जेवा. रिकाम्या पोटी ओढ दुप्पट वाटते.

आग्रह करणाऱ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा आणि घरात दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा. ‘आज नको’ म्हटलं की उद्याचं आमंत्रण येतं. ‘मी घेत नाही’ हे पुरतं, कारण सांगायला आपण कोणाला बांधील नाही.

नाशिककरांसाठी इथे जरा थांबतो. आपल्याकडे द्राक्षं पिकतात, गावात नव्हाळीच्या वाइनचं कौतुक असतं, पाहुण्यांना वायनरी दाखवायला नेण्याची रीत पडली आहे. ‘वाइन म्हणजे दारू थोडीच, द्राक्षाचा रस तो’ हे वाक्य मी सख्ख्या मामेभावाकडून ऐकलं आहे. हिशेब असा: १२ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा एक ग्लास म्हणजे सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम. वाइनच्या ग्लासात पेगपेक्षा जास्त भरतं. बिनअल्कोहोलच्या बिअरपासूनही लांब राहा. ती चव आणि तो फेस मेंदूला सगळं जुनं आठवून देतात.

दारूची रिअ‍ॅक्शन देणारी गोळी, म्हणजे डायसल्फिराम, डॉक्टरांनी चालू केली असेल तर आणखी काळजी घ्या. काही खोकल्याच्या औषधांत आणि माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. आणि ही गोळी तुम्हाला न सांगता जेवणात मिसळण्याचा विचार घरच्यांनी कधीही करू नये. त्यावर माणूस प्यायला तर जीव जाऊ शकतो.

वहीत पहिलं काय लिहायचं

पानाच्या वर एकच ओळ: आज घ्यायची नाही. ‘वर्षभर’ नाही, ‘आयुष्यभर’ तर मुळीच नाही. सभेत आपण ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतो ते कानाला गोड लागतं म्हणून नाही. आयुष्यभराची शपथ घेतलेला माणूस पहिल्याच वाईट मंगळवारी आयुष्यभराचं ओझं उचलून बसतो. आजचा दिवस उचलता येतो.

या ओळीखाली जे काही लिहाल ते तिला टेकू देणारं हवं. प्रत्येक संकल्पाला विचारायचं: याने आजचा दिवस सोपा होईल की अवघड? माझ्या ११ पैकी बहुतेक संकल्प या प्रश्नावर पडले असते. ओव्हरटाइम म्हणजे थकवा, कडक डाएट म्हणजे भूक, भावाशी भेट म्हणजे राग. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार दारांनी दारू परत येते हे केंद्रात फळ्यावर लिहिलेलं होतं. मी ती दारं स्वतःच्या हाताने उघडत होतो.

दुसरी कसोटी: ताप आला असताना, घरात भांडण झालं असताना, पाऊस पडत असताना हे करता येईल का? ‘रोज गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पाच राउंड’ जमणार नाही. ‘रोज चपला घालून कॉलनीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं’ हे जमतं. टोकाला पोहोचल्यावर पुढे जावंसं वाटलं तर जा. वहीत मात्र टोकापर्यंतच लिहा.

आणि तीनच ठेवा. चौथा सुचला तर वेगळ्या पानावर लिहून पाडव्यापर्यंत झाकून ठेवा.

तिन्हीसांजेचं काय करायचं

तीनपैकी एक संकल्प संध्याकाळचा हवाच. यावर माझा फार भर आहे, कारण सकाळी फार थोडे लोक घसरतात. सकाळी पश्चात्ताप असतो, चहा असतो, कामाची घाई असते. खरी कसोटी सहा ते आठची. दिवेलागणीला इतकी वर्षं शरीराला एक गोष्ट मिळत आली आहे आणि ते त्या वेळी हजर राहतं, भुकेल्या वासरासारखं. केंद्रात त्या वेळी प्रार्थना, ग्रुप, जेवण असं काहीतरी असायचं. घरी आल्यावर ती जागा उघडी पडते.

मी अंबडला कंपनीत होतो, घर सिडकोत. वाटेत दोन वाइन शॉप आणि एक परमिट रूम. गाडी तिथे आपोआप हळू व्हायची, मी ब्रेक लावलाय हे नंतर कळायचं. दारू सुटल्यावर पहिलं काम केलं ते रस्ता बदलण्याचं. लांबचा, दहा-बारा मिनिटं जास्त लागणारा रस्ता धरला. पेट्रोल जास्त लागतं म्हणून वडील कुरकुरले. मी रोजच्या क्वार्टरचा हिशेब मांडून दाखवल्यावर गप्प बसले.

तुमचा रस्ता काढून बघा. मग त्या दोन तासांत एक ठरलेली जागा ठेवा, जिथे कोणीतरी तुम्हाला चेहऱ्याने ओळखेल. कोणी गोदाघाटावर आरतीला जाऊन बसतं. कोणी सार्वजनिक वाचनालयात पेपर वाचतं. १८४० पासूनची संस्था आहे, वाचायला येणाऱ्याला तिथे कोणी प्रश्न विचारत नाही. कोणी मुलाला क्लासला सोडून तिथेच थांबतं. सभा असेल त्या दिवशी सभा. घरातल्या बाईला दारूचा किंवा गोळ्यांचा त्रास असेल तर तिची अवघड वेळ दुपारी, सगळे बाहेर गेल्यावर असू शकते. तिने दुपार मांडावी. आणि तिला घराबाहेर जाता यावं याची सोय घरच्यांनी करावी, चौकशी न करता.

ओढ आलीच तर घड्याळात बघा. ती चढते, शिखराला जाते आणि उतरते. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत तिचा जोर ओसरतो. त्या अर्ध्या तासात पाणी प्या, काहीतरी गोड तोंडात टाका, फोन लावा, जागा बदला. जानेवारीत घरात तिळगूळ असतोच, खिशात दोन लाडू ठेवायला काय हरकत आहे?

शरीर, झोप आणि तंबाखू

पहाटे पाचचा संकल्प सोडून द्या. झोप ताळ्यावर यायला कित्येक आठवडे, काहींना काही महिने लागतात. उठायची एक वेळ ठरवा, साडेसहा म्हणा, आणि रात्र कशीही गेली तरी तेव्हा उठा. दुपारी लांब झोपू नका. वजनाचं पुढच्या वर्षी बघू. या वर्षी तीन वेळा वेळेवर जेवणं हाच शरीराचा संकल्प.

तंबाखूबद्दल सभेत दोन मतं ऐकाल. दारूसोबत तंबाखू सोडली तर दारू परत येते, असा एक जुना समज आहे. तसं होतंच असं नाही, उलट अनेकांना एकत्र सोडणं मानवतं. पण डॉक्टरांशी बोलून ठरवा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. मी दोन वर्षांनी सोडली.

पैसा आणि घरची माणसं

कर्जाची पूर्ण यादी करा, कोणाचे किती. लपवलेलं एखादं असेल तर तेही. यादी करणं हाच या वर्षीचा संकल्प, फेडणं नाही. महिन्याला एकाला थोडी रक्कम द्या आणि बाकीच्यांना फोन करून सांगा की तुमचा नंबर कधी येईल. पगाराचा दिवस सगळ्यात धोक्याचा असतो. त्या दिवशी कोणासोबत घरी यायचं हे ठरवून ठेवा. काही महिने पगार बायकोच्या किंवा आईच्या हाती द्यायचा असेल तर ते तुम्ही स्वतः ठरवा आणि किती महिने तेही ठरवा. लादलेली शिस्त मनात कुजते.

नात्यांबद्दल माझी एक चूक सांगतो. मी लिहिलं होतं, ‘घरच्यांचा विश्वास परत मिळवायचा.’ केंद्रातून आल्यावर मी रोज दारात आलो की बायको जवळ येऊन उभी राहायची. एक श्वास घ्यायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. वास घ्यायची ती. पहिले काही दिवस मी सहन केलं, मग एकदा भांडी आपटली. ‘एवढं करूनही तू तपासतेस?’ असं ओरडलो.

‘एवढं’ म्हणजे ४० दिवस. तिची १२ वर्षं होती.

विश्वास दुसऱ्याच्या हातात असतो, तो आपला संकल्प होऊ शकत नाही. आपल्या हातात असतं ते लिहा. ‘उशीर होणार असेल तर सातच्या आत फोन करेन.’ ‘मुलीला सांगितलेली वेळ पाळेन, नसेल पाळता येत तर सांगणार नाही.’ वास घ्यायला ती आली तर उभं राहायचं, एवढंच. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या सभा असतात. तुम्ही बरे झालात म्हणून त्यांची १२ वर्षं आपोआप बरी होत नाहीत.

घसरलो तर

हे पान आजच लिहा, कोरड्या तोंडाने. घसरल्यावर लिहायची बुद्धी नसते.

तीन नावं आणि नंबर. त्यातला एक तरी बरा होत असलेला माणूस असावा. ‘एक प्यालो’ आणि ‘आता सगळं गेलंच आहे’ यांच्यामधल्या तासात फोन गेला पाहिजे. माझ्या त्या जानेवारीत पहिल्या दिवशी मी एकच क्वार्टर घेतली होती. पुढचे पाच आठवडे लाजेने प्यालो. सोमवारपासून पुन्हा सुरू करतो, एक तारखेपासून करतो, ही सगळी लाजेची भाषा. फोन केला असता तर कदाचित एका दिवसात निभावलं असतं.

काही दिवस, काही आठवडे बंद राहिलेलं शरीर जुनं प्रमाण सोसत नाही. ब्राउन शुगर किंवा तसल्या नशेत पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबून माणूस जाऊ शकतो. घरच्यांनीही हे माहीत करून घ्यावं. श्वास मंद वाटला, ओठ निळे पडले, हाक मारून उठत नसेल तर शुद्धीवर यायची वाट बघू नका, १०८ लावा.

दिवसांची मोजणी शून्यावर आली तरी वही फाडू नका. आधीच्या ४० दिवसांत जे कळलं ते त्या पानांवर आहे. किती वाजता, कुठे, कोण सोबत होतं, त्याआधी दिवसभरात काय झालं, हे लिहून समुपदेशकाला दाखवा. एवढ्या नोंदीतून पुढच्या वेळचा रस्ता बऱ्यापैकी दिसतो.

पाडव्यापर्यंत

कॅलेंडर घ्या आणि अवघड तारखांवर खूण करा. जानेवारीत हुरडा पार्ट्या असतात, हुरड्यापेक्षा पार्टीच जास्त. लग्नसराई असते, वरातीत बाटली गाडीच्या डिकीत असते. मार्चच्या आसपास धुळवड आणि रंगपंचमी. नाशिकला रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात, सगळं गाव बाहेर पडतं आणि त्या गर्दीत जुने मित्र भेटतात. प्रत्येक खुणेसमोर लिहा: जायचं की नाही, गेलो तर कोणासोबत, किती वाजता निघायचं.

काही दिवस सोपेही असतात, त्यांनाही खूण करा. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरात निवृत्तिनाथांची यात्रा भरते. नाशिकमार्गे दिंड्या जातात. चालणाऱ्यांच्या सोबतीने थोडं चाललं तरी संध्याकाळ बरी जाते. आपल्याकडे ‘माळ घातली’ म्हटलं की कोणी ग्लास पुढे करत नाही, कितीतरी जण माळेच्या आधाराने सुटलेले मी पाहिले आहेत. पण माळ घातली म्हणून गोळ्या आणि फॉलोअप बंद करू नका. दोन्ही एकत्र चालतात.

पाडवा एक जानेवारीपासून साधारण तीन महिन्यांवर असतो. त्या सकाळी गुढी उभारून झाली की वही घेऊन बसा. जे जमलं नाही ते खोडा, माफी न मागता. जे जमलं ते तसंच ठेवा, लगेच वाढवू नका. झाकून ठेवलेलं पान उघडून बघा, त्यातलं अजून हवंसं वाटतं का. बहुतेक वेळा अर्धं नको झालेलं असतं.

दुसऱ्या प्रयत्नातल्या त्या पाडव्याला माझ्या वहीत तीनच ओळी होत्या. कॉलनीच्या टोकापर्यंतची फेरी आता रोज आपोआप होत होती, ती लिहायची गरज उरली नव्हती. साडेसहाला उठणं निम्मंच जमलं होतं, ते सातवर आणलं. तिसरी ओळ, सातच्या आत फोन करण्याची, तशीच ठेवली. ती आजही तशीच आहे.